पेशीच्या दाराशी

(पाठपरिचय : काही रोग माणसाला शेकडो वर्षांपासून माहीत आहेत. काही रोगांची नावे मात्र आपण अलीकडेच ऐकू लागलो. असे नवे रोग पसरवणारे विषाणू आपल्या शरीरातील पेशींत कसे शिरतात, हे या पाठात निपाह या विषाणूच्या शोधाची हकिकत सांगून समजावून दिले आहे.)

१९९८ सालच्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. मलेशिया देशातील इपोह शहराच्या आसपास काही माणसे एकाएकी आजारी पडू लागली. प्रथम ताप येई, डोके दुखे. मग गुंगी येई. काहींना झटके येत आणि थोड्याच दिवसांत रोगी बेशुद्ध होई. मेंदूला सूज आल्याची ही लक्षणे होती.

त्या देशात जपानी मेंदूज्वर हा रोग पूर्वीपासून माहीत होता. हा रोग डासांमुळे पसरतो. डुकरांच्या शरीरात वाढलेला त्याचा विषाणू डास माणसापर्यंत आणतात. इपोहजवळ आजारी पडलेल्यांपैकी बहुतेक जण डुकरे पाळण्याचा धंदा करणारे होते. त्यामुळे हा जपानी मेंदूज्वरच असला पाहिजे, असे सर्वांना वाटले. डास मारण्यासाठी गावोगाव फवारणी झाली. लोकांना त्या रोगाची लस टोचण्यात आली. पण साथ काही थांबेना. घाबरलेल्या शेतकऱ्यांनी आपली जनावरे दुसऱ्या भागात विकली. जनावरांबरोबर रोगही दक्षिणेकडे नेग्री सेंबिलान राज्यात जाऊन पोहोचला.

काही डॉक्टरांच्या मनात शंका येऊ लागली. डास काही माणसे निवडून चावत नाहीत. मग एकाच वस्तीतील डुकरांजवळ काम करणारे लोक आजारी पडतात आणि त्यांचे शेजारी धडधाकट राहतात, हे कसे? जपानी मेंदूज्वर विशेषतः लहान मुलांना होतो. इथे तर मोठी माणसे आजारी पडत होती. लस घेतलेलेही त्यातून सुटत नव्हते. शिवाय डुकरेही खोकत होती आणि त्यांना धाप लागत होती. हा रोग वेगळाच असावा, असे या सर्व गोष्टी सांगत होत्या.

क्वालालंपूर येथील मलाया विद्यापीठात डॉ. चुआ काव बिंग हे विषाणूंचा अभ्यास करत होते. सुंगाई निपाह नावाच्या गावातील एका रोग्याच्या मेंदूभोवतीच्या द्रवाचा नमुना त्यांच्याकडे आला. १९९९ सालच्या मार्च महिन्यात त्यांनी तो नमुना प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशींवर टाकला आणि ते वाट पाहत राहिले. काही दिवसांनी त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. एकेकट्या असलेल्या पेशी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. शेजारशेजारच्या घरांच्या मधल्या भिंती पडाव्यात आणि सगळ्यांचा मिळून एकच मोठा वाडा व्हावा, तसे झाले होते. एकाच प्रचंड पेशीत अनेक केंद्रके दिसत होती.

जपानी मेंदूज्वराचा विषाणू पेशींची अशी अवस्था करत नाही. म्हणजे हा विषाणू निराळा होता. डॉ. चुआ यांनी तो काळजीपूर्वक बंद करून अमेरिकेतील प्रयोगशाळेत नेला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तो गोवराच्या विषाणूच्या कुळातील असल्याचे दिसून आले. पूर्वी कोणीही तो पाहिलेला नव्हता. ज्या गावातील रोग्याच्या नमुन्यातून तो मिळाला, त्या गावावरून त्याला निपाह हे नाव देण्यात आले.

खरा शत्रू कळल्यावर उपायही बदलले. डासांऐवजी आजारी जनावरांकडे लक्ष देण्यात आले. दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली आणि १९९९ सालच्या मे महिन्यापर्यंत साथ आटोक्यात आली. तोपर्यंत मलेशियात २६५ माणसे आजारी पडली होती आणि त्यांपैकी १०५ मरण पावली होती. शेजारच्या सिंगापूरमध्ये कत्तलखान्यात काम करणाऱ्या ११ जणांना रोगाची लागण झाली व एकाचा मृत्यू झाला.

साथ संपली, पण एक प्रश्न उरला. डॉ. चुआ यांना दिसलेल्या पेशी एकमेकींत का मिसळल्या होत्या? या प्रश्नाचे उत्तर ज्याला समजले, त्याला विषाणू आपल्या पेशीत कसा शिरतो, हेही समजले असे म्हणता येईल. म्हणून आपण प्रथम पेशी आणि विषाणू यांची थोडी ओळख करून घेऊ.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशी म्हणजे जणू एक लहानसा कारखानाच आहे. तिच्याभोवती स्निग्ध पदार्थांचे एक पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. या पटलातून पाहिजे ते आत घेतले जाते व नको ते बाहेर टाकले जाते. पटलावर निरनिराळ्या आकारांची प्रथिने बसवलेली असतात. त्यांपैकी काही शेजारच्या पेशींचे निरोप घेतात, काही रक्तातून आलेले पदार्थ ओळखतात. बाहेरचा निरोप किंवा पदार्थ ओळखून घेणाऱ्या अशा प्रथिनाला ग्राही असे म्हणतात.

विषाणूची रचना याहून फार साधी असते. निपाह विषाणूच्या आत आरएनए या रसायनाचा एक लांब धागा असतो. नवे विषाणू कसे तयार करायचे, याची सारी माहिती या धाग्यात साठवलेली असते. धाग्याभोवती प्रथिने आणि त्यांच्यावर स्निग्ध आवरण असते. बस्स, एवढेच. विषाणूला स्वतःचा कारखाना नसतो. तो अन्न खात नाही, श्वास घेत नाही. एकटा असताना तो स्वतःसारखा दुसरा विषाणू तयार करू शकत नाही. त्यासाठी त्याला जिवंत पेशीत शिरून तिची यंत्रे वापरावी लागतात. पेशीबाहेर राहिलेला विषाणू काही काळाने आपोआप निकामी होतो. म्हणजे विषाणूचे सारे यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते. पेशीच्या दाराशी आल्यावर त्याला आत जाता आले पाहिजे.

या कामासाठी विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनांचे काटे असतात. निपाहच्या आवरणावर असे दोन प्रकारचे काटे आहेत. एकाला 'जी' प्रथिन म्हणतात, तर दुसऱ्याला 'एफ' प्रथिन. दोघांची कामे वाटून दिलेली आहेत. 'जी' प्रथिनाचे काम ओळखण्याचे व धरून ठेवण्याचे, तर 'एफ' प्रथिनाचे काम जोडण्याचे.

प्रथम 'जी' प्रथिनाचे काम पाहू. घराच्या कुलपात कोणतीही किल्ली चालत नाही. किल्लीचे दाते कुलपाच्या आतील रचनेशी जुळावे लागतात. तसेच 'जी' प्रथिनाच्या टोकाचा आकार पेशीवरील एका विशिष्ट ग्राहीशी जुळावा लागतो. विषाणूला डोळे नसतात. तो ग्राही शोधत फिरत नाही. शरीरातील द्रवात तो इकडून तिकडे ढकलला जातो आणि असंख्य पेशींना आपटतो. ज्या पेशीवर जुळणारा ग्राही नसतो, तिच्यावरून तो निसटून जातो. ज्या पेशीवर तो ग्राही असतो, तिथे मात्र तो घट्ट चिकटतो.

निपाहसाठी जुळणारा हा ग्राही कोणता, याचा शोध २००५ साली लागला. त्याचे नाव एफ्रिन-बी२. पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ शोभेल असा एफ्रिन-बी३ हा दुसरा ग्राहीही सापडला. आता कोणी विचारील, की विषाणूला आत घेणारा असा घातक ग्राही आपल्या पेशींवर असतोच कशाला? पण एफ्रिन हे काही विषाणूसाठी तयार झालेले नाही. बाळ आईच्या पोटात वाढत असते, तेव्हा रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना योग्य वाट दाखवण्याचे काम एफ्रिन करते. ते नसेल तर शरीराची घडणच बिघडेल. घराला दरवाजा हवाच असतो. चोर त्याच दरवाजाने आत येतो, म्हणून कोणी दरवाजाशिवाय घर बांधत नाही.

किल्ली कुलपात बसली, तरी अजून काम अर्धेच झालेले असते. विषाणू पेशीला चिकटला आहे, पण आरएनएचा धागा अजून बाहेरच आहे. मध्ये दोन आवरणे आहेत, एक विषाणूचे आणि एक पेशीचे. ही दोन आवरणे एक झाली, तरच वाट मोकळी होते. येथे 'एफ' प्रथिन पुढे येते.

बटण दाबताच उघडणारी छत्री तुम्ही पाहिली असेल. तिच्या दांड्यात एक स्प्रिंग दाबून बसवलेली असते. बटणाला हात लागेपर्यंत छत्री शांत असते. बटण दाबले की ती क्षणात उघडते. 'एफ' प्रथिनही असेच दबून बसलेले असते. गंमत अशी, की त्याला अशा तयारीत आणून ठेवण्याचे कामही आपल्याच पेशीत होते. नवे विषाणू तयार होत असताना आपल्या पेशीतील एक विकर या प्रथिनाला नेमक्या जागी कापते. कापल्यावरच ते कामाला तयार होते.

'जी' प्रथिन एफ्रिनला चिकटले, की त्याच्या आकारात थोडा बदल होतो. हा बदल म्हणजे जणू छत्रीच्या बटणावर पडलेले बोट. त्यासरशी 'एफ' प्रथिन एकदम लांब होते. त्याचे टोक भाल्यासारखे पेशीपटलात रुतते. आता त्याचे एक टोक विषाणूच्या आवरणात आणि दुसरे पेशीच्या आवरणात असते. लगेच ते मध्ये दुमडते. घडीच्या चाकूचे पाते मुठीकडे वळावे, तशी त्याची दोन्ही टोके जवळ येतात आणि त्यांच्याबरोबर दोन्ही आवरणेही एकमेकांकडे ओढली जातात. रश्श्यावर तरंगणारे तेलाचे दोन थेंब एकमेकांना टेकले, की त्यांचा एकच थेंब होतो. दोन्ही आवरणे स्निग्ध असल्यामुळे त्यांचेही तसेच होते. त्यांच्यात एक छिद्र पडते आणि त्या छिद्रातून आरएनएचा धागा पेशीत उतरतो. चोर घरात शिरला!

मग पेशीचा कारखाना विषाणूसाठी राबू लागतो. विषाणूचे सुटे भाग तयार होतात. 'जी' आणि 'एफ' ही प्रथिनेही तयार होतात आणि ती पेशीच्याच पटलावर जाऊन बसतात. आता ही पेशीच एका प्रचंड विषाणूसारखी वागू लागते. शेजारच्या निरोगी पेशीवर एफ्रिन असले, की 'जी' ते ओळखते, 'एफ' दोन्ही पटले ओढून घेते आणि दोन पेशींची एक पेशी होते. मग तिसरी पेशी त्यांना जोडली जाते, मग चौथी. डॉ. चुआ यांना सूक्ष्मदर्शकातून जे दिसले, ते हेच होते. विषाणूची दोन प्रथिने आपले काम करत असताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती. ती कोणाला चिकटतात, हे मात्र कळायला आणखी सहा वर्षे लागली.

एवढे कळल्यावर या रोगाची अनेक कोडी सुटली. निपाह मेंदूवरच एवढा घाला का घालतो? कारण रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींवर आणि मेंदूतील चेतापेशींवर एफ्रिन-बी२ असते. मेंदूच्या तळाशी श्वास आणि हृदयाचे ठोके यांच्यावर ताबा ठेवणारा जो भाग आहे, तेथे एफ्रिन-बी३ आढळते. जिथे दरवाजा, तिथे चोर. म्हणूनच या रोगात रक्तवाहिन्यांना सूज येते, मेंदूला इजा होते आणि लागण झालेल्या दर शंभर रोग्यांपैकी चाळीस ते पंचाहत्तर रोगी दगावतात.

दुसरे कोडे असे, की एकच विषाणू इतक्या वेगवेगळ्या प्राण्यांत कसा शिरू शकतो? मलेशियात डुकरांप्रमाणे काही कुत्र्यामांजरांनाही निपाहची लागण झाली होती. बहुतेक विषाणू एखाद्याच जातीच्या प्राण्याला त्रास देतात, कारण प्रत्येक जातीच्या पेशींवरील ग्राही थोडेथोडे वेगळे असतात. एफ्रिनचे मात्र तसे नाही. शरीराची घडण करण्याचे त्याचे काम इतके महत्त्वाचे आहे, की लाखो वर्षांत ते फारसे बदललेले नाही. वटवाघूळ, डुक्कर, घोडा, मांजर आणि माणूस यांच्या पेशींवरील एफ्रिन जवळजवळ सारखेच असते. कुलूप एकाच नमुन्याचे असले, तर एकच किल्ली साऱ्या घरांना लागणार!

मग हा विषाणू मुळात आला कोठून? शास्त्रज्ञांनी माग काढला, तेव्हा तो फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांपर्यंत पोहोचला. मलेशियाच्या तिओमान बेटावरील वटवाघळांच्या मूत्रात आणि त्यांनी अर्धवट खाल्लेल्या फळात निपाहचा विषाणू सापडला. ही वटवाघळे त्यामुळे आजारी पडत नाहीत. म्हणजे निपाह हा नव्याने जन्माला आलेला विषाणू नव्हता. तो जुनाच होता, आपल्यासाठी तेवढा नवा होता. त्याचाच एक भाऊबंद, हेंड्रा विषाणू, १९९४ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराजवळ घोड्यांमध्ये आणि त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांमध्ये आढळला होता. तोही वटवाघळांकडूनच आला होता.

इपोहजवळ डुकरांच्या वाड्यांशेजारी आंब्याची झाडे लावलेली होती. रात्री वटवाघळे तेथे येत आणि अर्धवट खाल्लेली फळे खाली टाकत. ती उष्टी फळे डुकरे खात. वाड्यांत हजारो डुकरे दाटीने ठेवलेली असल्यामुळे खोकल्यावाटे रोग झपाट्याने पसरला आणि त्यांच्याकडून तो माणसाला झाला. किल्ली वटवाघळांकडे पूर्वीपासूनच होती. तिला माणसाच्या दारापर्यंत नेणारा रस्ता मात्र माणसानेच तयार केला.

बांगलादेशात हा रस्ता वेगळा होता. तेथे २००१ सालापासून निपाहच्या साथी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. पण तेथील रोग्यांचा डुकरांशी संबंध नव्हता. हिवाळ्यात त्या देशातील खेड्यांत शिंदीच्या झाडाचा गोड रस काढतात. आपल्याकडे अशा ताज्या रसाला नीरा म्हणतात. झाडाला छेद देऊन खाली मडके बांधतात आणि रात्रभर रस त्यात ठिबकत राहतो. रात्री वटवाघळेही हा रस चाटायला येतात. त्यांची लाळ व मूत्र मडक्यात पडते. पहाटे तोच कच्चा रस लोक आवडीने पितात. रस उकळून गूळ केला, तर उष्णतेने विषाणूची प्रथिने बिघडतात आणि धोका टळतो. कच्च्या रसात मात्र विषाणू जिवंत पेशीची वाट पाहत असतो. यावर तेथील लोकांनी एक साधा उपाय वापरून पाहिला. त्यांनी छेदावर आणि मडक्यावर बांबूच्या कामट्यांची ताटी बांधली. वटवाघळांना रसाजवळ जाता येईना. ना वटवाघूळ मारावे लागले, ना झाड तोडावे लागले.

भारतातही निपाहने अनेकदा घाला घातला आहे. २००१ साली पश्चिम बंगालमधील सिलिगुडी शहरात ६६ माणसे आजारी पडली व ४५ मरण पावली. त्यांपैकी पुष्कळ जणांना रोगाची लागण रुग्णालयातच झाली होती. रोग्याच्या लाळेतून व खोकल्यातून विषाणू बाहेर पडतो आणि जवळ राहून सेवा करणाऱ्यांना गाठतो. त्या वेळी रोगाचे नाव कोणालाच कळले नव्हते. जपून ठेवलेले नमुने पुढे तपासल्यावर तो निपाह होता, हे सिद्ध झाले.

२०१८ सालच्या मे महिन्यात केरळमधील कोळिकोड आणि मलप्पुरम या जिल्ह्यांत निपाह आला. सरकारी नोंदीप्रमाणे तेथे १७ जण मृत्यू पावले. त्यांत एका रोग्याची शुश्रूषा करणारी एक तरुण परिचारिकाही होती. पण या वेळी डॉक्टरांना लवकर संशय आला. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले आणि रोगाचे नाव काही दिवसांतच पक्के झाले. रोग्यांच्या संपर्कात आलेल्या प्रत्येक माणसाचा शोध घेण्यात आला. त्यांना वेगळे ठेवण्यात आले. त्यामुळे साथ दोन जिल्ह्यांच्या बाहेर गेली नाही. मलेशियात विषाणू ओळखण्यासाठी महिने लागले होते, सिलिगुडीत वर्षे लागली होती. शत्रूचे नाव वेळेवर कळणे किती महत्त्वाचे असते, हे यावरून दिसून येते.

पुण्याच्या या संस्थेची स्थापना १९५२ साली झाली. अतिशय धोकादायक विषाणू हाताळता येतील, अशी बंदिस्त प्रयोगशाळा तेथे २०१२ सालापासून आहे. या संस्थेतील शास्त्रज्ञांनी महाबळेश्वर येथील गुहेतील वटवाघळांचे नमुने २०२० साली गोळा केले. त्यांत निपाहच्या खुणा आढळल्याचे त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. तेव्हा महाराष्ट्रात निपाहचा एकही रोगी नव्हता. पण रोगी दिसण्यापूर्वीच किल्ली कोणाकडे आहे हे माहीत असले, तर पहारा ठेवता येतो. त्यासाठीच असा शोध घेत राहावे लागते.

विषाणू दाराशी काय करतो हे समजले, म्हणजे त्याला दाराशीच कसे अडवावे हेही सुचते. किल्लीवर मेणाचा गोळा बसवला, तर ती कुलपात शिरणार नाही. आपल्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे हेच काम करतात. ती 'जी' प्रथिनाला चिकटतात आणि मग त्याला एफ्रिनला चिकटता येत नाही. ऑस्ट्रेलियात २०१२ साली घोड्यांसाठी हेंड्रा रोगाची लस निघाली. तिच्यात पूर्ण विषाणू नसतो, त्याच्या 'जी' प्रथिनाचा काही भाग तेवढा असतो. चोराला न आणता त्याची किल्ली पहारेकऱ्यांना दाखवून ठेवण्याचाच हा प्रकार. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत असे एक प्रतिपिंडही तयार केले आहे, की जे निपाहच्या 'जी' प्रथिनाला झाकून टाकते. २०१८ साली ते केरळसाठी ऑस्ट्रेलियातून मागवण्यात आले होते. माणसांसाठी निपाहची लस तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि काही लसींच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत. मात्र सर्वांना देता येईल अशी मान्यताप्राप्त लस अजून मिळालेली नाही.

२०१९ सालच्या अखेरीस चीनमध्ये दिसून आलेल्या आणि नंतर साऱ्या जगात पसरलेल्या कोरोना विषाणूची गोष्टही अशीच आहे. त्याच्या अंगावर एकाच प्रकारचे मोठे काटे असतात. ओळखणे आणि जोडणे ही दोन्ही कामे तेच काटे करतात. त्यांना जुळणारा ग्राही वेगळा आहे. त्याचे नाव एसीई२. तो नाक, श्वासनलिका, फुप्फुसे आणि आतडी यांच्या पेशींवर असतो. म्हणून तो रोग श्वासातून पसरला. त्याच्या बहुतेक लसींनी आपल्या शरीराला हेच काटे ओळखायला शिकवले. कुलूप निराळे, किल्ली निराळी, पण रीत एकच.

लस मिळेपर्यंत आपण हात बांधून बसावे, असे मात्र नाही. विषाणूचे आवरण स्निग्ध असते. साबणाने जसा तेलकट हात स्वच्छ होतो, तसेच हे आवरणही फुटते. मग त्यावरची प्रथिने कितीही नेमकी असली, तरी ती काय कामाची? झाडाखाली पडलेली, पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत. फळे धुऊन खावीत. आजारी माणसाची सेवा जरूर करावी, पण तोंडावर मास्क बांधून आणि हात धुऊन करावी. संशय येताच डॉक्टरांना कळवावे, काही लपवू नये.

आणि वटवाघळांचा राग धरू नये. ती अनेक झाडांच्या फुलांचे परागण करतात. फळांच्या बिया दूरदूर नेऊन टाकतात आणि त्यांतून रानात नवी झाडे उगवतात. त्यांना हुसकावले, तर ती रान सोडून आपल्या अंगणाकडेच येतील. विषाणू त्यांच्याजवळ आहे, पण तो त्यांनी आपल्यावर सोडलेला नाही. त्यांचे घर त्यांना असू द्यावे आणि आपल्या दाराची खबरदारी आपण घ्यावी.

विषाणू लहान असतो. एका मिलिमीटरच्या अंतरात असे कित्येक हजार विषाणू ओळीने मावतील. त्याला बुद्धी नाही, इच्छा नाही. त्याच्याजवळ आहे ती जुळणारी एक किल्ली. माणसाजवळ मात्र पाहण्याची, विचारण्याची आणि दुसऱ्याला वेळेवर सावध करण्याची शक्ती आहे. क्वालालंपूरच्या प्रयोगशाळेत एका माणसाने 'हे काही तरी वेगळे आहे' असे म्हटले आणि तो तेथेच थांबला नाही. त्यामुळे हजारो माणसांचे प्राण वाचले. पेशीच्या दारावरचा खरा पहारेकरी हाच.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट
धडधाकट – निरोगी
स्निग्ध – तेलकट, तुपकट
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
घाला घालणे – हल्ला करणे
दगावणे – मरण पावणे
ताटी – कामट्यांचा विणलेला पडदा
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
प्रतिपिंडे – रोगजंतूंना अडवणारी शरीरातील प्रथिने

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) निपाह विषाणूला हे नाव कशावरून मिळाले?
(आ) निपाहच्या आवरणावर कोणती दोन प्रथिने असतात?
(इ) बांगलादेशातील लोकांनी मडक्यावर ताटी का बांधली?

२. कारणे लिहा.
(अ) मलेशियातील साथ जपानी मेंदूज्वराची नसावी, असे डॉक्टरांना वाटू लागले.
(आ) निपाह विषाणू अनेक प्राण्यांच्या पेशींत शिरू शकतो.
(इ) साबणाने हात धुतल्यावर विषाणू निकामी होतो.

३. 'जी' आणि 'एफ' या प्रथिनांची कामे कुलूप-किल्ली आणि छत्री यांच्या उदाहरणांनी आपल्या शब्दांत सांगा.

४. कुलूप, दरवाजा, नमुना, खबरदारी, हकिकत हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांची उर्दूतील रूपे लिहा. त्यांपैकी कोणत्या शब्दाचा अर्थ मराठीत थोडा बदलला आहे, ते शोधा.